हिरव्या चॉकलेटाची चव

जपानात नोकरीस असलेल्या एका आप्ताने दिवाळीला जोयड्यास येताना हिरव्या चॉकलेटांचे एक पाकीट आणले. त्या चॉकलेटांत ‘माच्चा’ नामक चहाची पूड होती. घरातील मुलांनी ती चॉकलेटे क्षणात संपविली. आमच्या वृद्ध मावशींनी मात्र एक तुकडा बराच वेळ जिभेवर घोळवून अभिप्राय दिला, “गोड आसा, पूण पाल्याचो वास येता.” या पदार्थाचे रसग्रहण करू जाता मावशींच्या या वाक्याहून अधिक नेमके काही सांगता येईल असे वाटत नाही. तथापि त्या वाक्यातील ‘पूण’ या शब्दाचा थोडा विस्तार करणे आवश्यक आहे.

माच्चा हा साधा चहा नव्हे. तोडणीपूर्वी सुमारे तीन आठवडे चहाची झुडपे सावलीत झाकून ठेवतात. ऊन न मिळाल्याने पाने गडद हिरवी होतात आणि त्यांतील तुरटपणा आटोक्यात राहून एक प्रकारचा मऊ, भरीव स्वाद टिकतो. मग पाने वाफवून, वाळवून, देठ व शिरा काढून ती दगडी जात्यावर दळतात. या जात्याची गती इतकी मंद असते की एका तासात जेमतेम ३०-४० ग्रॅम पूड पडते. क्योतोजवळील उजी हे गाव या चहासाठी विख्यात आहे. एइसाई या बौद्ध भिक्षूने ११९१ साली चीनहून परतताना चहाचे बी व दळलेला चहा पिण्याची रीत जपानात आणली असे मानतात. पुढे सेन नो रिक्यू (१५२२-१५९१) याने त्या पानाला विधीचे रूप दिले. १९०२ साली भारतात राहून गेलेले काकुझो ओकाकुरा यांनी १९०६ मध्ये ‘द बुक ऑफ टी’ हा ग्रंथ लिहून हा विधी पाश्चात्त्य वाचकांना समजावून दिला.

या विधीतील एक गोष्ट आमच्या विषयाशी निगडित आहे. तेथे गोड पदार्थ आधी खावयाचा असतो आणि कडू चहा मागाहून प्यावयाचा असतो. गोडी जिभेस सिद्ध करते आणि कडू रस आपले पूर्ण बोलणे बोलतो. आपल्याकडे पाडव्याला कडुनिंबाचा पाला व गूळ एकत्र वाटतात, परंतु तेथेही गूळ हा केवळ आधार असतो. कडूपणा लपविण्याचा कोणाचाही हेतू नसतो. किंबहुना वर्षारंभी तो चाखावा हाच त्या घासाचा अर्थ असतो.

प्रस्तुत चॉकलेटात हा क्रम उलटला आहे. त्याचा पाया पांढरे चॉकलेट आहे. त्यात कोकोचे लोणी, दूध व साखर असते, कोकोची काळी पूड नसते. म्हणूनच माच्च्याचा हिरवा रंग इतका खुलून दिसतो. पहिल्या क्षणी जिभेवर साखर उतरते, पाठोपाठ दुधाचा स्निग्धपणा येतो. चहा येतो तो अगदी शेवटी, ओल्या गवताच्या गंधासारखा आणि किंचित तुरट. तो येतो तेव्हा खरोखरच सुखद वाटतो, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु तो पाहुण्यासारखा उंबरठ्यावरूनच परततो. मिठाई म्हणून हा पदार्थ चांगला आहे. चहाची ओळख म्हणून अपुरा आहे.

मुलांसाठी केलेल्या खाऊकडून इतकी अपेक्षा का धरावी, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु जोयड्यात बसून तो सोडविताना करांद्याची आठवण झाल्याखेरीज राहत नाही. या तालुक्यातील कुणबी कुटुंबांनी नाना जातींचे कंद पिढ्यान्‌पिढ्या परसात लावून जतन केले आहेत. गेल्या काही वर्षांत जोयड्यात कंदमुळांचे मेळेही भरू लागले आहेत आणि दूरदूरचे लोक ते पाहावयास येतात. उकडलेला करांदा सोलून खाताना त्याचा कडसरपणा जिभेवर राहतोच, आणि ज्यांना तो आवडतो त्यांना त्या कडसरपणासाठीच आवडतो.

उद्या कोणी करांद्याचीही वडी करील, तिला सुबक वेष्टन घालील आणि वर जोयड्याचे नाव छापील. तसे व्हावे, त्यातून पिकविणाऱ्याच्या हाती चार पैसे पडतील. मात्र त्या वडीत साखर इतकी नसावी की करांद्याचे केवळ नाव उरावे. उजीचे एक भाग्य आहे. तेथे चॉकलेटही आहे आणि कडू चहाचा पेलाही शाबूत आहे. चॉकलेट खाऊन ज्याचे कुतूहल जागे झाले, त्याला मूळ रसापर्यंत जाण्याची वाट मोकळी आहे. आमच्याकडे परसातील वाफा एकदा मोडला तर वडी खाणाऱ्या मुलाने मूळ चव शोधावयास कोठे जावे?

पाकिटातील शेवटचे चॉकलेट मावशींनी घरातील धाकट्या मुलीला दिले आणि चुलीवर करांदे चढविले. मुलीने दोन्ही खाल्ले. करांदा खाताना तिने तोंड वाकडे केले. पण दुसरा मागून घेतला.