नवे गीत, जुने गळे

परमेश्वरासाठी नवे गीत गावे, असे आवाहन स्तोत्रसंहितेत पुनःपुन्हा येते. ९६ वे, ९८ वे, १४९ वे ही त्याची सहज आठवणारी उदाहरणे. गाणाऱ्याचे वय मात्र स्तोत्रकर्ता विचारीत नाही. हे स्मरण होण्यास निमित्त झाले ते रॉक संगीताचे. आपल्या घरांत कोणी ज्याला गोंगाट म्हणून नावे ठेवली आणि कोणी ज्याला डोक्यावर घेतले, त्या संगीतातील काही बुजुर्ग बँडनी अलीकडे नव्या ध्वनिमुद्रिका काढल्या आहेत. साठी-ऐंशीच्या घरातील या मंडळींपाशी नव्याने सांगण्याजोगे काही उरले आहे काय, की जुन्या पुण्याईवरच त्यांचा योगक्षेम चालला आहे? तीन ध्वनिमुद्रिकांच्या आधारे आम्ही हा प्रश्न तपासू इच्छितो.

शंका निराधार नाही. आपल्या अभिजात संगीतात वयाबरोबर गायकी पिकते, अशी आपली धारणा आहे. रॉक संगीत तारुण्याच्या अस्वस्थतेतून वाढले. रग आणि बंडखोरी हेच त्याचे भांडवल. शिवाय श्रोत्यांनाही जुनेच हवे असते. डब्लिनच्या 'यू टू'ने १५ डिसेंबर २०१९ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कार्यक्रम केला, तेव्हा त्याचा गाभा होता १९८७ ची 'द जोशुआ ट्री' ही संपूर्ण ध्वनिमुद्रिका. बत्तीस वर्षांपूर्वीची गाणी ऐकण्यासाठीच लोक तेथे लोटले होते.

याच 'यू टू'ने १९८३ च्या 'वॉर' या ध्वनिमुद्रिकेचा शेवट '४०' या गीताने केला होता. ते ४० व्या स्तोत्रावर बेतलेले आहे, आणि मुखी नवे गीत घातले गेल्याची कबुली त्या स्तोत्रातच आहे. पुढे कित्येक वर्षे त्यांचे कार्यक्रम याच गीताने संपत. त्याच बँडने मार्च २०२३ मध्ये 'साँग्ज ऑफ सरेंडर' काढली, ती आपल्याच ४० जुन्या गाण्यांना नवा साज चढवून. वाद्यांचा कल्लोळ ओसरला आहे, बोनो यांचा स्वर खाली उतरला आहे, काही ठिकाणी शब्दही बदलले आहेत. दोन-चार गाण्यांत या शांतपणाने अर्थ खुलतो. परंतु एकामागून एक चाळीस गाणी ऐकताना जुन्या छायाचित्रांचा संग्रह चाळल्यासारखे वाटू लागते. आपल्या भूतकाळाची अदबीने केलेली ही डागडुजी आहे. तिला नवे गीत म्हणणे आम्हांस जड जाते.

लंडनच्या 'द रोलिंग स्टोन्स'चा मार्ग याच्या उलट. १९६२ साली स्थापन झालेल्या या बँडने ऑक्टोबर २०२३ मध्ये 'हॅकनी डायमंड्स' प्रसिद्ध केली. स्वरचित नव्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका त्यांनी २००५ नंतर प्रथमच काढली होती. मिक जॅगर तेव्हा ८० वर्षांचे होते. आवाजातील जोम थक्क करणारा आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु रुसवेफुगवे आणि प्रेमभंग यांवरची बरीचशी गाणी तिशीतल्या तरुणाचे कपडे घालून उभी आहेत. ते कपडे अंगाला नीट बसतात, एवढेच. खरे वय प्रकटते ते अखेरीस. 'स्वीट साउंड्स ऑफ हेवन' या गीतात गॉस्पेल संगीताची आर्तता आहे. शेवटच्या गाण्यात जॅगर आणि कीथ रिचर्ड्स हे दोघेच उरतात आणि मडी वॉटर्स यांची १९५० ची ब्लूज रचना गातात. बँडने आपले नाव घेतले ते याच रचनेवरून. चार्ली वॉट्स २०२१ मध्ये निवर्तले. त्यांचे ड्रमवादन दोन गाण्यांत ऐकू येते. या पार्श्वभूमीवर दोन म्हाताऱ्या मित्रांचे आरंभाकडे परतणे हृदयाला भिडते.

तिसरे उदाहरण इंग्लंडमधील 'द क्युअर'चे. त्यांचे प्रमुख रॉबर्ट स्मिथ कॅथॉलिक संस्कारांत वाढले. १९८१ मध्ये, बाविशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी 'फेथ' म्हणजे 'श्रद्धा' या नावाची उदास ध्वनिमुद्रिका केली. तिच्यात मृत्यूचा विचार होता, तो मृत्यू फारसा न पाहिलेल्या तरुणाचा. त्यानंतर आईवडील गेले, भाऊ गेला. सोळा वर्षांच्या खंडानंतर नोव्हेंबर २०२४ मध्ये 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड' आली, तेव्हा स्मिथ ६५ वर्षांचे होते. तिच्यात अवघी आठ गाणी आहेत. पहिल्या गाण्यात तीन मिनिटांहून अधिक काळ केवळ वाद्ये वाजतात, मग गळा उघडतो. भावाच्या मृत्यूवरील गीतात अलंकार नाहीत, फक्त निरोप न घेता आल्याची वेदना आहे. मधली एक-दोन गाणी कमी उंचीची आहेत, हे खरे. तरीही हे संगीत पंचविशीतील स्मिथ रचू शकले नसते. विषय जुनाच, त्याची किंमत मात्र आयुष्याने आता वसूल केली आहे.

येथे आमचे काही वाचक विचारतील, ज्या शोकाच्या शेवटी पुनरुत्थानाची आशा नाही, तो आपल्या काय कामाचा? शंका रास्त आहे. या ध्वनिमुद्रिकेचा शेवट अंधारातच होतो. पण ८८ वे स्तोत्रही अंधारातच संपते, आणि ख्रिस्तसभेने ते गाळले नाही. शुक्रवारच्या रात्रीच्या प्रार्थनेत त्याला स्थान दिले. आशेचा शब्द उच्चारण्यापूर्वी दुःखिताचे म्हणणे पुरते ऐकून घ्यावे, हा धडा आपल्या प्रार्थनापरंपरेतच आहे.

तेव्हा आमचे उत्तर होकारार्थी आहे, पण सशर्त. बुजुर्ग कलावंताने तारुण्याची नक्कल केली, तर कसब दिसते. त्याने आपल्या आजच्या वयातून गाइले, तर नवे गीत जन्मते. याची अर्धी जबाबदारी श्रोत्यांवर आहे. स्टेडियममधील गर्दी जुन्याच गाण्याची फर्माईश करते. आपणही आपल्या वडीलधाऱ्यांकडे त्याच त्या जुन्या गोष्टी मागतो आणि आज त्यांच्या मनात काय चालले आहे, हे विचारायचे राहून जाते. घरात कोणी ही आठ गाणी लावलीच, तर थोरांनी दार लोटून घेण्यापूर्वी आणि तरुणांनी पुढच्या गाण्यावर उडी मारण्यापूर्वी ती एकदा शेवटपर्यंत ऐकावीत, एवढेच आमचे सांगणे आहे.