मालकिणीची माया

कायली रीड या अमेरिकन लेखिकेची ‘सच अ फन एज’ ही पहिलीच कादंबरी २०१९ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली व पुढच्या वर्षी बुकर पारितोषिकाच्या प्राथमिक यादीत तिचा समावेश झाला. फिलाडेल्फियातील एमिरा टकर ही २५ वर्षांची कृष्णवर्णीय पदवीधर तरुणी एका सुखवस्तू गोऱ्या कुटुंबातील मुलगी सांभाळते. एका रात्री मालकिणीच्याच सांगण्यावरून त्या छोटीला घेऊन ती वाणसामानाच्या दुकानात जाते आणि मूल पळविल्याच्या संशयाने तेथील रखवालदार तिला अडवतो.

एवढ्या भांडवलावर वंशद्वेषाची एखादी ठरीव करुणकथा सहज उभी राहिली असती. रीडबाईंची नजर मात्र दुकानातून घरात वळते. एमिराला त्या अपमानाहून मोठा घोर निराळाच आहे. २६ वर्षे पूर्ण होताच आईवडिलांच्या आरोग्यविम्याचे छत्र डोक्यावरून जाणार आणि या नोकरीत विमा नाही. मैत्रिणी एकेक पायरी चढताहेत, ही तिथल्या तिथे.

इकडे मालकीण अलीक्स हिच्या मनाला टोचणी लागते. ती एमिराला मद्याच्या बाटल्या देते, गप्पांना बसवते, चोरून तिच्या फोनवरचे निरोपही वाचते. मैत्रीच हवी असते तिला! परंतु कामाच्या वेळी एमिराच्या अंगात सदरा असतो तो अलीक्सच्या उद्योगाचे नाव छापलेला. माया आणि गणवेश एकाच हातून देणारी ही बाई खलनायिका नाही, हेच आम्हांस विशेष वाटले. बदलीच्या गावी आयांच्या भरवशावर संसार रेटणाऱ्या आमच्यासारख्यांना ही प्रकरणे वाचताना अवघडल्यासारखे होईल. ‘ती काय, घरचीच आहे’ असे आम्ही किती सहज बोलून जातो! रजेचा पगार कापताना ती पुन्हा परकी होते.

कथानकात एक योगायोग मात्र फारच सोयीचा. दुकानातील प्रसंगाचे चित्रण करणारा व पुढे एमिराचा प्रियकर झालेला केली, हाच अलीक्सचा शाळकरी वयातला प्रियकर निघावा! येथे कादंबरी नाटकी होते. तथापि दोघेही गोरे एमिराच्या कल्याणावरून भांडतात आणि तिला काय हवे ते कोणीच विचारत नाही, हा उपरोध त्यातूनच साधतो, हेही खरे.

ग्रंथाचा जीव आहे ती तीन वर्षांची बडबडी ब्रायर. आईचा ओढा धाकटीकडे. हिच्या अखंड प्रश्नांना मन लावून उत्तरे देते ती पगारी एमिराच. एमिरा नोकरी सोडते तेव्हा आम्हांस आनंद झाला, आणि पुढच्याच पानावर त्या पोरीची आठवण येऊन तो ओसरलाही.