अखेरच्या पत्राची मिती : ‘टायटॅनिक’वरील एका चिठ्ठीचें परीक्षण

मिरजेस वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनी दप्तरांतील पत्रें कालानुक्रमानें लावून ‘ऐतिहासिक लेख संग्रहा’चे खंड छापले. त्या कामाचा मुख्य धडा हा कीं, आधीं कागदाची मिती पाहावी, मग त्याची कथा ऐकावी. सातारा-सांगलीकडील संग्राहक मोडी कागदास लावतात तीच कसोटी परदेशच्या एका प्रख्यात चिठ्ठीस लावून पाहावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आयर्लंडांतील कॉर्कनजीकच्या ग्लॅनमायर गांवचा जेरेमाया बर्क हा एकोणीस वर्षांचा मुलगा अमेरिकेस आपल्या बहिणींकडे जाण्यास निघाला. ता. ११ एप्रिल १९१२ रोजीं क्वीन्सटाऊन (आजचें कोव्ह) बंदरांत तो ‘टायटॅनिक’वर चढला, बरोबर चुलत बहीण नोरा हेगर्टी होती. दोघेंही परतलीं नाहींत. पुढें १९१३ सालीं गांवाजवळच्या डंकेटल येथील किनाऱ्यावर एक बाटली सांपडली. निघतांना आईनें तीर्थजल भरून दिलेली ती बाटली होती व आंत चिठ्ठी होती. मजकूर एका ओळीचा : टायटॅनिकवरून सर्वांना निरोप, आणि खालीं नांव, गांव व कॉर्क. कुटुंबानें ती जवळजवळ शतकभर जपली व २०११ सालीं कोव्हच्या संग्रहालयास दिली. कागद कोणाच्या हातून कोणाकडे गेला ही परंपरा अखंड असल्यानें अस्सलपणाविषयीं शंका घेण्यास आम्हांस जागा दिसत नाहीं.

वाद आहे तो अर्थाचा. जहाज बुडत असतां मुलानें हा शेवटचा निरोप लिहिला, अशी समजूत रूढ आहे. तिच्या बाजूनें असें म्हणतात कीं, आईनें दिलेली पवित्र बाटली कोणी थट्टेखातर समुद्रांत टाकणार नाहीं. हें म्हणणें वजनदार आहे. परंतु मिती काय सांगते? तारखेचा आंकडा सर्वांनीं सारखा वाचलेला नाहीं. १३ हें वाचन विशेष प्रसिद्ध असून १० किंवा १२ असेंही वाचतात. हिमनगाची धडक १४ तारखेच्या रात्रीं ११ वाजून ४० मिनिटांनीं बसली व १५ च्या पहाटे २ वाजून २० मिनिटांनीं जहाज बुडालें. म्हणजे कोणतेंही वाचन घेतलें तरी लेखन अपघातापूर्वींचें ठरतें. त्यांतही १० घेतल्यास मुलगा अजून जहाजावर चढलेलाच नव्हता. तेव्हां तें वाचन तरी चूक, किंवा लिहिणाराचीच चूक, असें मानणें भाग आहे. संकटांत माणूस तारीख चुकतो, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. परंतु चुकीच्या गृहीतावर कथा उभारणें हें प्रमाण नव्हे.

अंतर्गत पुरावाही पाहावा. पत्त्यांत गांव व कॉर्क एवढेंच आहे, देशाचें नांव नाहीं. भर महासागरांतून जगाच्या कोणत्याही किनाऱ्यास लागणाऱ्या बाटलीस हा पत्ता अपुरा. कॉर्कच्या किनाऱ्यावर कोणास सांपडेल अशा अपेक्षेनें लिहिलेल्या चिठ्ठीस मात्र पुरेसा. यावरून आमचें अनुमान असें कीं, हा परदेशीं निघालेल्या मुलाचा मायभूमीस केलेला निरोप आहे, मृत्यूच्या दारांतील हांक नव्हे. आईची बाटली आईच्या किनाऱ्याकडे परत धाडणें ही थट्टा खास नव्हे.

असें वाचल्यानें चिठ्ठीची किंमत उणावते काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. सातारच्या पदच्युत प्रतापसिंह महाराजांचा दावा घेऊन रंगो बापूजी गुप्ते लंडनास गेले व १८५३ पर्यंत तेथें झगडत राहिले. महाराज १८४७ सालीं काशीस निवर्तले. त्यापूर्वींच्या कागदांत रंगो बापूजींची आशा वाचावयाची, तर १८४७ व १८५७ हीं सालें घटकाभर बाजूस ठेवावीं लागतात. तोच न्याय बर्कच्या चिठ्ठीस. तिला ‘अखेरची’ हें विशेषण मागाहून घडलेल्या घटनेनें दिलें आहे. लिहितांना त्या मुलापुढें बहिणींचें घर होतें. संग्रहांतील कागदांवर ‘अखेरचें पत्र’ अशी पट्टी लावतांना आपण लिहिणाराची ती आशा पुसून टाकीत नाहीं ना, हें प्रत्येकानें एकदां तपासावें.