तांब्याचे तोंड आणि 'ब' श्रेणी

जळगाव आणि धुळे येथील काही शाळांतल्या मुलांच्या चित्रवह्या आम्ही अलीकडे चाळल्या. एलिमेंटरी परीक्षेची तयारी चालू होती. विषय नेहमीचाच, वस्तुचित्र: तांब्या, पेला, बाजूला दोन केळी. (जळगावात केळ्यांना काय तोटा!) पद्धतशीर पाहणी म्हणावी असे हे काम नव्हते, पण एक चूक पानोपानी भेटली. तांब्याचे तोंड जवळजवळ पूर्ण गोल आणि बूड मात्र पट्टीने ओढल्यासारखे सरळ. खाली शेरा: 'ठीक', 'सराव करा', किंवा नुसतीच सही.

सराव करायचा, पण कशाचा? मूल पुन्हा दहा तांबे काढते आणि दहाही वेळा तीच चूक गिरवते. या चुकीत हाताचा दोष थोडा, डोळ्यामागच्या समजुतीचा जास्त. तोंड गोल आहे हे मुलाला ठाऊक असते, म्हणून ते गोल काढते. बूड मेजावर सपाट टेकले आहे हेही ठाऊक असते, म्हणून ते सरळ काढते. रॉबर्ट थाउलेस या मानसशास्त्रज्ञाने 1931 साली दाखवून दिले, की तिरपी धरलेली तबकडी डोळ्यांना प्रत्यक्षात दिसते त्यापेक्षा माणसे तिचा आकार अधिक गोल सांगतात. तेव्हा मूल बिचारे एकटे नाही.

उपाय बांगडीत आहे. एक डोळा मिटून बांगडी समोर तिरपी धरावी. नजरेची रेषा बांगडीच्या प्रतलाशी 30 अंशांचा कोन करीत असेल, तर लंबवर्तुळाची उंची रुंदीच्या निम्मी दिसते. कोन वाढला की ते फुगते. तांब्याचे बूड तोंडापेक्षा नजरेच्या अधिक खाली असते, म्हणजे तिथे कोन मोठा. अर्थात बुडाची कड तोंडाहून जास्त वळलेली हवी. हातभर अंतरावर धरलेल्या पेन्सिलीवर अंगठा सरकवून हे कोणत्याही मुलाला मोजता येते. इथे चित्रकलेचे आणि भूमितीचे शिक्षक एकमेकांशी बोलले तर किती बरे होईल!

रेखाकला परीक्षांना आमचा विरोध नाही. वस्तुचित्राबरोबर स्मरणचित्रही ठेवण्यात शहाणपण आहे. तक्रार आहे ती निकालाविषयी. अ, ब, क यांपैकी एक अक्षर हाती पडते. 'ब' का मिळाली ते त्यातून कळत नाही. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे सगळ्यांचे लक्ष त्या अक्षरावरच. रूथ बटलर यांनी 1988 मध्ये इस्राएलमधील शाळकरी मुलांवर केलेल्या प्रयोगात नुसता शेरा मिळालेली मुले पुढच्या कामात सरस ठरली. गुण आणि शेरा दोन्ही दिले, तेव्हा शेऱ्याचा फायदा उरला नाही. परीक्षा बदलणे आपल्या हाती नाही. वर्गातली वही मात्र आहे.

साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाला शेरा कधी लिहायचा, हा प्रश्न रास्त आहे. पण मूळ वस्तू समोर असेल तर ती स्वतःच बरेच सांगते. जळगावहून जवळ असलेल्या अजिंठ्यात 1872 पासून ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली मुंबईच्या कलाशाळेचे विद्यार्थी भित्तिचित्रांच्या नकला करीत होते. त्यांची प्रत्येक रेघ मूळ चित्राशी ताडून पाहता येत होती. आमच्या जीवशास्त्राच्या वह्यांत नक्कल होते ती पुस्तकातल्या आकृतीची. जास्वंद टेबलावर सुकत पडते आणि वहीत पुस्तकातले फूल उमलते.

एका वहीत मात्र शिक्षकांनी लिहिले होते: 'बूड तोंडापेक्षा जास्त वळव. बांगडी धरून बघ.' पुढच्या पानावर बूड वळले होते. तोंडाची दोन्ही टोके अजून टोकदार होती, आणि त्याविषयी खाली दुसरा शेरा होता.