आज्याची वही आणि आपली समीक्षा

दलित साहित्याच्या समीक्षेने धर्मांतराचा विचार पुष्कळ केला. परंतु तो बहुतेक वेळा १४ ऑक्टोबर १९५६ या दिवसापासून सुरू केला. ते स्वाभाविकच होते. त्या दिवसाने आम्हांला माणूस म्हणून उभे केले, याविषयी माझ्या मनात कसलाही किंतु नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. त्याच्या आधी दोन-तीन पिढ्या महारवाड्यांतून, मांगवाड्यांतून जे ख्रिस्ती झाले, त्यांच्याविषयी आपण काय लिहिले? ‘पोटासाठी बाटले’, एवढे एक वाक्य. ते वाक्य मीही लिहिले आहे.

माझा आजा ख्रिस्ती होता, फौजेतून आलेला होता आणि सुतार होता. गाव नेवासे तालुक्यातले. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासूनचे. आज्याच्या बापाचा बाप्तिस्मा १८९९-१९०० च्या दुष्काळात झाला. त्यामुळे माझे वाक्य खोटे नव्हते. १९८१ साली विद्यार्थ्यांच्या एका मेळाव्यात मी निबंध वाचला, त्यात ते ठसक्यात म्हटले आणि टाळ्याही घेतल्या. घरी आल्यावर आज्याने तो निबंध मागून घेतला. ओळीखाली बोट फिरवत अर्धा दिवस वाचला. मग म्हणाला, “भुकंनं गेलो, ह्ये खरं लिवलंस. पन भूक भागल्याव का ऱ्हायलो, त्ये कुटं लिवलंस?”

मला उत्तर देता आले नाही. १९८३ मध्ये तो वारला.

आपली सगळी चर्चा ‘का गेले’ याभोवती फिरते. ‘का राहिले’ हा प्रश्न प्रस्थापित समीक्षेने विचारला नाही आणि आपणही नाही. मराठी वाचकाला ख्रिस्ती लेखन म्हणून जे ठाऊक आहे, ते पाहा. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७) विधवांचे दुःख सांगते, पण ते दुःख वरच्या जातींच्या घरांतले. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे त्यांनी काय सोडले आणि किती सोसले ते पांढरपेशा घरांतही माहीत आहे. त्या ग्रंथाचे मोठेपण मी नाकारीत नाही. पण माझ्या पणज्याजवळ सोडायला होते काय? येसकराची काठी, मेलेले ढोर आणि दारोदार मागितलेली भाकर. ज्याला त्यागाने मोजायचे त्याच्याजवळ त्याग नाही, म्हणून तिकडे त्याची किंमत शून्य. आणि आपण मोजतो विद्रोहाने. आजा रोज सकाळी गुडघे टेकत होता, ‘उपासना संगीत’मधली गाणी म्हणत होता, म्हणून आपल्याकडेही शून्य.

आज्याच्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या वहीत सापडते असे मला आता वाटते. लाकडाच्या मापांची आणि उधारीची लांबट वही. तिच्यात एका ओळीत ‘बाभळ फळी ४ फूट, २ नग’ आणि खाली त्याच शाईत ‘देवा आज पटाशी हातावर आली नाही उपकार’. विरामचिन्ह नाही, परिच्छेद नाही. हिशेब कुठे संपतो आणि प्रार्थना कुठे सुरू होते ते कळत नाही. याला साहित्य म्हणावे की नाही, हा वाद मी घालत नाही. पण जाणीव कुठे घडते याचा शोध घेणाऱ्या समीक्षकाने अशी वही बाजूला सारावी, हे मला पटत नाही.

बाबासाहेबांनी ‘जातिनिर्मूलना’त (१९३६) दाखवून दिले, की जात ही केवळ श्रमाची विभागणी नव्हे, ती श्रम करणाऱ्यांचीच विभागणी आहे. गावगाड्यात सुतारकी सुताराची. महाराने रंधा हातात धरणे म्हणजे रेघ ओलांडणे. मिशनच्या औद्योगिक शाळेत आज्याच्या हातात तो रंधा आला. मार्काच्या शुभवर्तमानात येशूला सुतार म्हटले आहे, तेही त्याच्या गावच्या लोकांनी, हिणवण्यासाठी. आज्याला मात्र तो शब्द पदवी वाटे. कारण त्याच्या गावाने त्याला तेवढेही कधी म्हटले नाही.

म्हटले ते फौजेने. १९४२ साली तो भरती झाला आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ओंडक्यांचे पूल बांधत राहिला. आपल्या लष्करी परंपरेविषयी आपण अभिमानाने लिहितो. गोपाळबाबा वलंगकरांचा १८९४ चा अर्ज, १९१७ ची १११ महार पलटण, १९४१ ची महार रेजिमेंट, हे सारे लिहिलेच पाहिजे. पण त्या लिखाणात बंदूक असते, करवत नसते. आज्याच्या सुटीच्या कागदावर धंद्याच्या रकान्यात ‘कारपेंटर’ असे आहे. गावदप्तरात ‘महार’ याखेरीज त्याला दुसरी ओळख नव्हती. तो कागद त्याने बायबलात ठेवला होता, आणि आम्ही पोरे त्यावरून हसत होतो.

१९४६ मध्ये परत आल्यावर त्याने एका शेतकऱ्याला तिफण करून दिली. गावच्या सुताराने हरकत घेतली, चार शहाणे जमले आणि महाराच्या हातचे औत रानात घालायचे नाही असे ठरले. तिफण परत आली. आजा भांडला नाही. त्याने तिचे लाकूड उकलून शाळेसाठी दोन बाके केली आणि पुढे गाव सोडून नगरला खुर्च्या, चौकटी, शवपेट्या करू लागला. याला आपण काय म्हणणार? आपल्या परिभाषेत यासाठी शब्द नाही.

माझ्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतली. ते चिडून म्हणत, “तुमी गोऱ्यांचा देव धरला.” आज्याचे उत्तर ठरलेले असे: “माजा देव सुतार व्हता. गोरा का काळा, म्या इचारलं न्हाई.” पण शाळेत वडिलांचे नाव ‘हिंदू महार’ म्हणून आज्यानेच लावले होते, शिष्यवृत्तीसाठी. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची ही अट काढून टाकावी असे सांगूनही. बाबूराव बागुलांच्या कथेचे ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हे नाव आपण सारखे घेतो. आज्याने मुलासाठी देव चोरला. रोज गुडघे टेकणाऱ्या माणसाला ते किती जड गेले असेल, हे मी त्याला कधी विचारले नाही.

आता जे लिहायचे ते टाळले तर हा लेख आज्याची आरती होईल. ख्रिस्ती झालेल्यांबरोबर जातही चर्चमध्ये गेली, हे बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. ते लेखन १९८९ साली त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात छापले गेले. वाचताना मला आमचेच घर दिसले. माझ्या थोरल्या आत्याला मागणी आली होती. मुलगा शिकलेला, त्याच चर्चमधला, एका ताटात प्रभुभोजन घेणारा. पण मांगाचा. आज्याने नाही म्हटले. ज्याची तिफण गावाने परत केली, त्याने तो मुलगा दारातून परत केला. आत्या शेवटपर्यंत बापाशी मोजकेच बोलली.

त्या दिवसाची तारीख आत्याला पाठ होती. मी वही काढून ते पान पाहिले. सागवान फळ्या तीन, खिळे पाव शेर, रोजंदारी दीड रुपया. खाली प्रार्थनेची ओळ नाही.