पदवीचे नवे विषय आणि सीमाभागातील वर्ग

नाटक, संगणकीय लेखन आणि समकालीन प्रश्न हे विषय पदवी स्तरावर भाषेच्या अभ्यासक्रमात आले, ही स्वागतार्ह बाब आहे. मात्र बेळगाव-निपाणी परिसरात ते ज्या रीतीने शिकविले व तपासले जातात, त्याची चिकित्सा होणे आवश्यक आहे. कर्नाटकात २०२१-२२ पासून राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले आणि २०२४ मध्ये चार वर्षांची पदवी मागे घेतली गेली. निपाणीला लागून असलेले अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय महाराष्ट्राच्या हद्दीत, शिवाजी विद्यापीठाला संलग्न. तेथील नियम वेगळे. धोरणे बदलली, पण 'टिपा लिहा' हा प्रश्न दोन्हीकडे टिकून आहे.

नाटकाचेच पाहू. मराठी नाटकाचा इतिहास आपण १८४३ साली सांगलीत झालेल्या विष्णुदास भाव्यांच्या 'सीतास्वयंवरा'पासून शिकवितो. त्यामागे कर्नाटकातील भागवत मंडळींच्या खेळांची प्रेरणा होती, हे एका वाक्यात उरकतो. १८८० मध्ये 'शाकुंतल' रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे, हेही ओघात. अमानत लखनवींची 'इंदरसभा' आणि पारशी रंगभूमी ही उर्दूच्या तासाला, म्हणजे शेजारच्या खोलीत. घरी दखनी, बाजारात कन्नड आणि वर्गात मराठी बोलणारा आपला विद्यार्थी या तिन्ही परंपरांचा वारस आहे. त्याच्या हाती आपण एकच देतो.

समकालीन प्रश्नांच्या प्रकल्पात एका वर्षी माझ्याकडे स्त्री-सक्षमीकरणावरचे, शब्दही न बदललेले अनेक निबंध आले. त्यांपैकी एक अशा विद्यार्थिनीचा होता, जिची आई घरी विड्या वळते. सहज विचारले, तर ती दखनीत दहा मिनिटे बोलली: पाने भिजविणे, सूत, खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या, हजारामागे मिळणारी मजुरी. ज्या निपाणीत १९८१ चे तंबाखू आंदोलन झाले, जेथे महादेव मोरे यांनी पिठाची गिरणी चालवीत कथा-कादंबऱ्या लिहिल्या, त्या गावाचा हा समकालीन प्रश्न. तो नाट्यप्रवेशही होता. गुण मात्र मी नकललेल्या निबंधालाच दिले. तक्त्यात दुसरी सोय नव्हती.

संगणकीय लेखनाची स्थिती याहून विचित्र आहे. मुले मोबाइलवर मराठी आणि उर्दू दोन्ही रोमन अक्षरांत लिहितात आणि परीक्षेत आपण त्यांना युनिकोडची व्याख्या विचारतो. (उर्दू टंकन मी स्वतः एका विद्यार्थ्याकडून शिकलो.)

हे तीन विषय एकाच कामात गुंफता येतील, असे प्रस्तुत लेखकास वाटते. घरातील एका श्रमिक व्यक्तीची मुलाखत घ्यावी, ती देवनागरीत व नस्तालिकमध्ये टंकित करावी आणि तिचा छोटा प्रवेश रचावा. मुलींना रंगमंचावर पालक पाठवीत नाहीत, हा सहकाऱ्यांचा आक्षेप खरा आहे. परंतु वर्गात बसून नाट्यवाचन करण्यास कोणाचीच हरकत आढळली नाही.

त्या विद्यार्थिनीने पुढे आईचे बोलणे लिहून आणले, देवनागरीत तीन पाने आणि नस्तालिकमध्ये दोन. अंतर्गत गुणांच्या कोणत्या रकान्यात ते बसवावे, हे आमच्या विभागात अद्याप ठरलेले नाही.