जनसमूहाचे नाव आणि सोरायसिसचे प्रमाण

सोरायसिस या त्वचारोगाचे प्रमाण निरनिराळ्या जनसमूहांत भिन्न का, याचे उत्तर देताना एचएलए-सी ०६:०२ या आनुवंशिक प्रतिकारचिन्हाकडे बोट दाखविण्याची प्रथा पडली आहे. प्रथेस आधार नाही असे नव्हे. १९७२ मध्ये बी-१३ व बी-१७ या चिन्हांशी रोगाचा संबंध दिसून आला. पुढे सहाव्या गुणसूत्रावरील शेजारच्या सी स्थानाशी तो अधिक निकटचा ठरला. चाळिशीपूर्वी जडणाऱ्या प्रकारात हे चिन्ह विशेषेकरून सापडते. तथापि ते धारण करणाऱ्या बहुसंख्य व्यक्तींना रोग होतच नाही. जपानात चिन्ह विरळ आणि रोगही विरळ, ही जोडी जमते. भारतात मात्र चिन्ह विरळ नसूनही रोगाचे प्रमाण उत्तर युरोपाइतके आढळत नाही. भारतासाठी नेहमी दिले जाणारे ०.४४ ते २.८ टक्के हे आकडेही बव्हंशी रुग्णालयांच्या दारात मोजलेले आहेत. जो दारापर्यंत आलाच नाही, तो गणनेत नाही.

परंतु याहून मूलभूत दोष समूहाच्या नावात आहे. कोष्टकात 'मराठी' असा रकाना घातला की एक जनसमूह सिद्ध झाला, असे गृहीत धरले जाते. वस्तुतः मराठी हे भाषेचे नाव आहे, आणि भाषा शेजाऱ्याकडूनही मिळते. प्रतिकारचिन्ह केवळ आईबापांकडून. इरावती कर्वे व कैलाश मल्होत्रा यांनी १९६८ मध्ये महाराष्ट्रातील समान दर्जाच्या आठ ब्राह्मण पोटजातींची शारीरिक तुलना प्रसिद्ध केली. भाषा एक, प्रदेश एक, सामाजिक पायरीही एकच. तरी बेटीव्यवहाराच्या मर्यादेबरोबर शारीरिक लक्षणे बदलताना दिसली. हा धडा वैद्यकीय कोष्टकांपर्यंत पोहोचू नये, याचे आश्चर्य वाटते.

नवी मुंबईत तर हा रकाना अगदीच पोकळ ठरतो. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली व आगरी-कोळी गावांच्या जमिनींवर हे नगर उभे राहिले. वाशी वा खारघर येथील बाह्यरुग्ण विभागात 'मातृभाषा मराठी' असे लिहिणारा मूळचा बेलापूरचा आगरी असेल, साताऱ्याहून आलेल्या माथाडी कामगाराचा मुलगा असेल, किंवा नागपूरकडचा नोकरदार. तिघांची सरासरी काढून जो आकडा येतो तो कोणाचा?

आजोळ कोणते, पोटजात कोणती, रोग कोणत्या वयात दिसला, हे तीन प्रश्न नमुना घेतानाच विचारता येतात. ते विचारण्यास प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. एका अधिक ओळीचा छापील तक्ता पुरेसा आहे.